अण्वस्त्रप्रसारबंदीचे विज्ञान : करिअर म्हणून त्याकडे पाहावे का?

प्रश्न : मी पुण्यातील एका संस्थेत न्यूट्रॉन डिटेक्टरवर पीएच.डी. करते आहे, तिसरे वर्ष संपत आले आहे. अण्वस्त्रांच्या पडताळणीवरचे काही शोधनिबंध मध्यंतरी वाचनात आले आणि तेव्हापासून याच विषयात पुढे जावे असे मनाने घेतले आहे. माझे मार्गदर्शक म्हणतात की हे राजकारण आहे, भौतिकशास्त्र नव्हे, आणि त्यात शिरलीस तर विद्यापीठातील नोकरीला मुकशील. वडील सांगलीला माध्यमिक शाळेत शिक्षक होते. मी भाभा अणुसंशोधन केंद्रात जावे अशी त्यांची इच्छा आहे. काका तर म्हणतात की ज्या करारावर आपल्या देशाने सही केली नाही त्याचे काम परदेशात जाऊन करणे म्हणजे आपल्याच घराविरुद्ध साक्ष देणे. भारतीय पासपोर्टवर या क्षेत्रात खरोखर प्रवेश मिळतो का, यात प्राध्यापकी होते का, की मी ट्रॉम्बेचाच रस्ता धरावा?
— स. कु., पुणे

उत्तर : थोडक्यात सांगायचे तर हे क्षेत्र खरे आहे, पण लहान आहे. त्यात प्राध्यापकी मिळते, मात्र त्या नावाच्या पदावर क्वचित. त्यात टिकून राहिलेल्या शास्त्रज्ञांकडे पाहिले तर बहुतेकांची पत आधी एखाद्या काटेकोर मोजमापावर किंवा गणितावर उभी राहिलेली दिसते. धोरणाविषयी त्यांनी बोलणे आणि लोकांनी ते ऐकणे पुढचे आहे. म्हणून न्यूट्रॉन सोडू नका, हा माझा पहिला सल्ला. दुसरा असा, की पुढची जागा निवडताना तिथे काय शिकायला मिळेल हे तर विचाराच, पण तिथे शिकलेले उघडपणे छापता येईल का, हेही तितक्याच आग्रहाने विचारा.

तुमच्या मार्गदर्शकांना हे राजकारण वाटते, कारण या विषयाच्या बातम्या वर्तमानपत्रात राजकारणाच्या पानावर येतात. प्रत्यक्ष काम मात्र बहुतांशी हिशेबाचे आणि मोजणीचे असते. एखाद्या देशातील आण्विक पदार्थ शांततेच्या कामातून गुपचूप दुसरीकडे वळवले गेले नाहीत ना, हे व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे १९५७ साली स्थापन झालेली आयएईए, तपासत असते आणि या सगळ्या व्यवस्थेला त्या क्षेत्रातील लोक सेफगार्ड्स म्हणतात. या हिशेबासाठी संस्थेने एक किमान प्रमाण ठरवले आहे, म्हणजे ज्यातून एक बॉम्ब बनण्याची शक्यता नाकारता येत नाही इतका पदार्थ : प्लुटोनियम असेल तर ८ किलो, आणि उच्च समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चा वाटा बराच वाढवलेले, युरेनियम असेल तर त्यातील युरेनियम-२३५ हे २५ किलो. आता जपानमधील रोक्काशोचा पुनर्प्रक्रिया कारखाना घ्या. तो वर्षाला ८०० टन वापरलेले इंधन हाताळण्यासाठी आखलेला आहे आणि पूर्ण क्षमतेने चालला तर त्यातून साधारण ८ टन प्लुटोनियम वेगळे होईल. या मोजणीत एक टक्का अनिश्चितता राहिली तरी ती ८० किलो होते, म्हणजे ठरवलेल्या किमान प्रमाणाच्या दहापट. कारखान्यातील सगळी माणसे प्रामाणिक असली तरी ही अडचण तशीच राहते आणि ती कमी करण्याचा मार्ग भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र यांतूनच जातो.

तुमचा विषय तर या गाभ्याच्या अगदी जवळ आहे. प्लुटोनियम-२४० आपोआप विखंडन पावतो आणि त्याच्या एका ग्रॅममधून सेकंदाला सुमारे एक हजार न्यूट्रॉन बाहेर पडतात. विखंडनातले न्यूट्रॉन एकाच वेळी जोडीने, तिघातिघांनी येतात आणि इतर अभिक्रियांतले एकेकटे येतात, या फरकावर बंद डब्यातील प्लुटोनियमचे वस्तुमान डबा न उघडता ठरवण्याची सारी पद्धत उभी आहे. या मोजणीत हेलियम-३ भरलेल्या नळ्या वापरण्याची रीत जुनी आहे. तो हेलियम-३ मिळतो ट्रिटियमच्या क्षयातून, आणि ट्रिटियमचा मोठा साठा होता तो अण्वस्त्र कार्यक्रमांसाठी केलेला. २००१ नंतर अमेरिकेने बंदरांवर आणि सीमांवर किरणोत्सर्ग तपासणीच्या चौकटी उभारायला घेतल्या, हेलियम-३ ची मागणी एकदम वाढली आणि २००९ च्या सुमारास त्याचा तुटवडा सगळ्यांना जाणवू लागला. तेव्हापासून बोरॉनचा थर दिलेल्या नळ्या, लिथियमयुक्त काच, न्यूट्रॉन व गॅमा वेगळे ओळखणारे प्लॅस्टिक सिंटिलेटर (किरणोत्सर्ग पडला की चमकणारे पदार्थ) अशा पर्यायांवर जे काम चालू आहे, त्याच कामातला एखादा तुकडा बहुधा तुमच्या प्रबंधात असणार. तुमच्या पत्रात डिटेक्टर कोणत्या प्रकारचा आहे ते लिहिलेले नाही, पण कोणत्याही प्रकारचा असला तरी या प्रश्नाशी त्याचा धागा जुळतो.

ज्या निबंधांनी तुमचे मन वळवले त्यांत २०१४ साली ‘नेचर’मध्ये आलेला अलेक्झांडर ग्लेझर, बोअझ बराक आणि रॉबर्ट गोल्डस्टन यांचा निबंध असावा, असा माझा अंदाज आहे. त्यातला प्रश्न असा की, एखाद्या देशाने मोडीत काढण्यासाठी पुढे केलेले अस्त्र खरे आहे की बनावट, हे निरीक्षकाला कळले पाहिजे, पण अस्त्राच्या रचनेविषयी एक अक्षरही कळता कामा नये, कारण ती माहिती हाच प्रसाराचा धोका. त्यांनी सुचवलेली युक्ती मला आजही सुंदर वाटते. मालक देश डिटेक्टरांत आधीच काही मोजणी भरून ठेवतो, आणि ती किती आहे हे निरीक्षकाला सांगत नाही. मग संदर्भासाठी निवडलेल्या खऱ्या अस्त्रातून आणि तपासायच्या अस्त्रातून न्यूट्रॉनचा झोत जातो. दोन्ही वस्तू सारख्या असतील, तर प्रत्येक डिटेक्टरवरची बेरीज ठरलेल्या एकाच पातळीला येते आणि चित्र कोरे दिसते. कुठे काही काढले किंवा बदलले असेल, तर त्या जागी फरक उमटतो. कोणता डिटेक्टर कोणत्या वस्तूसाठी वापरायचा हे निरीक्षक ऐनवेळी निवडत असल्यामुळे आधी भरलेल्या मोजणीत लबाडी करणेही अंगाशी येऊ शकते. संगणकशास्त्रातील शून्य-ज्ञान सिद्धतेची, म्हणजे गुपित उघड न करता विधान खरे असल्याचे पटवण्याची, कल्पना इथे न्यूट्रॉनच्या हाती दिलेली आहे. हे भौतिकशास्त्र नव्हे असे म्हणणाऱ्याने हा निबंध एकदा वाचून पाहावा.

मार्गदर्शकांच्या म्हणण्यातला जो भाग खरा आहे, तो निवड समित्यांबाबतचा. भौतिकशास्त्र विभागाची समिती धोरणविषयक नियतकालिकातील लेख मोजत नाही, किंवा मोजला तरी डाव्या हाताने. प्रिन्स्टनमधून १९८९ पासून निघणारे ‘सायन्स अँड ग्लोबल सिक्युरिटी’ हे या क्षेत्रातले तांत्रिक दृष्ट्या सर्वांत कसदार नियतकालिक आहे, पण आपल्याकडील एखाद्या विद्यापीठातील मुलाखतीत त्याचे नाव ऐकलेला सदस्य भेटला तर ते तुमचे भाग्य समजा. म्हणून पहिले तीन-चार निबंध उपकरणशास्त्राच्या आणि अणुकेंद्रीय भौतिकशास्त्राच्या सर्वमान्य नियतकालिकांत यायला हवेत, आणि त्यांच्यात पडताळणीचा संदर्भ प्रस्तावनेत व उपयोजनाच्या भागात स्वच्छ यावा. ही तडजोड आहे, ढोंग नव्हे. प्रिन्स्टनमधला ‘सायन्स अँड ग्लोबल सिक्युरिटी’ हा कार्यक्रम सत्तरच्या दशकात सुरू करणारे फ्रँक फॉन हिप्पेल हे आधी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. (त्यांचे आजोबा जेम्स फ्रँक, १९४५ साली जपानच्या शहरांवर पूर्वसूचनेशिवाय बॉम्ब टाकू नका असे सांगणारा शास्त्रज्ञांचा अहवाल त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अशी घराणी फार नसतात, तेव्हा त्यावरून स्वतःची तुलना करू नका.) आपल्याकडे आर. राजारामन यांचे उदाहरण आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील या प्राध्यापकांचे नाव आधी क्षेत्र सिद्धांतातील सॉलिटॉनसारख्या विषयांवरील कामामुळे झाले होते. पुढे ते विखंडनक्षम, म्हणजे बॉम्बसाठी वापरता येणाऱ्या, पदार्थांवरील आंतरराष्ट्रीय पॅनेलचे सहअध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या आकड्यांना कुणी हौशी माणसाचे आकडे म्हटले नाही.

मोजमाप आणि शब्द यांचा संबंध किती थेट असू शकतो, हे सिगफ्रिड हेकर यांच्या अनुभवातून दिसते आणि त्यावर जरा थांबावेसे वाटते. हेकर मूळचे धातुशास्त्रज्ञ. प्लुटोनियम या विलक्षण लहरी धातूवर त्यांचे काम, आणि १९८६ ते १९९७ या काळात ते लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे संचालक होते. जानेवारी २००४ मध्ये उत्तर कोरियाने त्यांना योंगब्यॉनला नेले आणि काचेच्या बरणीतला धातूचा एक तुकडा प्लुटोनियम म्हणून पुढे ठेवला. त्यांनी बरणी हातात घेऊन तिचे वजन आणि ऊब पाहिली, कारण प्लुटोनियम जड असतो आणि स्वतःच्या किरणोत्सर्गाने किंचित उबदारही असतो. परतल्यावर अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर त्यांनी आपण काय पाहिले ते सविस्तर सांगितले, ते प्लुटोनियम असण्याशी जुळते असेही सांगितले, पण योग्य उपकरणांशिवाय तो प्लुटोनियमच होता असे निश्चित म्हणता येणार नाही, ही मर्यादाही तिथेच नोंदवली. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याच परिसरात त्यांना युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांचा नवा कारखाना दाखवण्यात आला आणि त्यांनी केलेले वर्णन जगभर गांभीर्याने घेतले गेले. सहा वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या विधानाची सीमा आखून दिली होती, याचा त्या विश्वासाशी संबंध आहे असे मला वाटते. धोरणाच्या वर्तुळात अशी माणसे कमी आणि ठाम मते जास्त असतात. प्रयोगशाळेतून आलेल्या माणसाला तिथे जागा मिळते ती यामुळेच.

आता पासपोर्टचा प्रश्न. इथे गोड बोलून उपयोग नाही. अमेरिकेत या विषयाला सर्वाधिक पैसा राष्ट्रीय अणुसुरक्षा प्रशासनाकडून येतो. मिशिगन, बर्कले यांसारख्या विद्यापीठांभोवती त्याच पैशातून मोठे गट उभे राहिले आहेत. त्या गटांत परदेशी विद्यार्थी आणि संशोधक असतात, पण त्याच साखळीतल्या कित्येक फेलोशिप केवळ अमेरिकी नागरिकांसाठी राखीव आहेत, आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांतील अनेक कामांची दारे परदेशी माणसाला बंद असतात. शिवाय ऊर्जा खात्याची ‘भाग ८१०’ ही नियमावली आहे : जाहीर नसलेले अणुतंत्रज्ञान भारतीय नागरिकाला दाखवायचे, तर अमेरिकेच्या भूमीवरसुद्धा त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागू शकते. खुले मूलभूत संशोधन यातून वगळलेले आहे. त्यामुळे तिथे अर्ज करताना प्राध्यापकांना पहिल्याच पत्रात विचारावे की हा प्रकल्प पूर्णपणे खुल्या संशोधनात मोडतो का. हा प्रश्न उद्धट ठरत नाही. उलट तुम्हाला या क्षेत्राचे व्याकरण ठाऊक आहे हे त्यातून कळते. प्रिन्स्टनसारखे जे गट खुल्या माहितीवर आणि खुल्या प्रयोगांवरच काम करतात, तिथे भारतीय आणि पाकिस्तानी संशोधक अनेक वर्षे काम करीत आले आहेत.

ब्रिटनमध्ये भौतिकशास्त्राच्या अनेक शाखांतील संशोधनासाठी भारतीय नागरिकाला व्हिसाआधी एटास नावाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते; त्यात संशोधनाचा विषय नेमक्या शब्दांत मांडावा लागतो. युरोपात हॅम्बुर्ग आणि डार्मस्टाट इथे पडताळणीवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञांचे गट आहेत, आणि स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात २०२१ पासून आल्वा मिर्डाल यांच्या नावाचे निःशस्त्रीकरण केंद्र आहे. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी. नंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदासाठी, तुमच्या जागी मी असतो तर आधी या जागा पाहिल्या असत्या, कारण तिथे नागरिकत्वाची भिंत तुलनेने ठेंगणी आहे आणि काम खुल्या नियतकालिकांत येते.

व्हिएन्नाचे गणित वेगळे आहे. भारत आयएईएचा सुरुवातीपासूनचा सदस्य आहे, त्यामुळे तिथे भारतीय पासपोर्ट ही अडचण नाही. मात्र संस्थेच्या पी-३ श्रेणीच्या पदासाठी साधारण पाच वर्षांचा संबंधित अनुभव मागतात, पी-४ साठी सात, आणि नेमणुका मुदतीच्या असतात. बहुतेक व्यावसायिक कर्मचाऱ्यांना सात वर्षांच्या आसपास बाहेर पडावे लागते. जन्मभराची नोकरी म्हणून तिच्याकडे पाहू नये. पण व्हिएन्नाजवळच्या सायबर्सडॉर्फ येथील प्रयोगशाळेत निरीक्षकांनी कारखान्यांच्या भिंती, यंत्रे आणि मेजे पुसून आणलेल्या १० सेंटिमीटर चौरस कापसाच्या फडक्यांवरचे सूक्ष्म कण तपासून, जाहीर न केलेले समृद्धीकरण कसे पकडतात, हे पाहिलेला आणि केलेला माणूस पुढे कोणत्याही विद्यापीठात वेगळ्या अधिकाराने शिकवतो. २०२३ पासून आयएईएने करिअरच्या सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यावरील स्त्रियांसाठी लीझे माइटनर कार्यक्रम चालवला आहे. त्याकडे लक्ष ठेवा. तुमच्या मागच्या वर्गातल्या मुलींना मारी स्क्लोडोव्हस्का-क्यूरी फेलोशिपबद्दल सांगा; ती २०२० पासून पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळते आणि आण्विक सुरक्षा व प्रसारबंदी हे विषय त्यात बसतात. तुम्ही त्या टप्प्यापुढे गेला आहात.

वडिलांच्या इच्छेबद्दल मी आदरानेच लिहितो. सांगली-कोल्हापूरकडच्या शिक्षकाच्या घरात मुलगी ट्रॉम्बेला लागणे म्हणजे काय, हे मला कळते. आणि तिथले भौतिकशास्त्र खरोखर उत्तम आहे. ध्रुव या १०० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या अणुभट्टीजवळ भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी ‘इस्मरान’ हा प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या ९० पट्ट्यांचा प्रतिन्यूट्रिनो डिटेक्टर आखला. अणुभट्टीतून बाहेर पडणारे प्रतिन्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण कोणत्याही भिंतीने अडत नाहीत, आणि युरेनियम-२३५ कमी होऊन प्लुटोनियम-२३९ वाढत गेला की मोजता येणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंची संख्या हळूहळू घटते. त्यामुळे भट्टी किती शक्तीवर चालली आणि आत काय साठत गेले याचा बाहेरून अंदाज घेता येतो. म्हणजे दूरस्थ देखरेखीच्या जागतिक संशोधनातला एक तुकडा चेंबूरपलीकडेच आहे. आशियातील पहिली अणुभट्टी अप्सरा, १९५६ ची. तिच्या जागी २०१८ मध्ये सुरू झालेली अप्सरा-यू ही कमी समृद्ध युरेनियमच्या इंधनावर चालते. संशोधन भट्ट्यांतून उच्च समृद्ध युरेनियम हटवणे हे प्रसारबंदीच्या क्षेत्रातले १९७८ पासून चाललेले एक मोठे काम आहे. त्याच दिशेचा बदल इथे आपल्या लोकांनी केला.

तरीही, तुम्हाला जे करायचे आहे त्यासाठी ट्रॉम्बे ही पहिली पायरी ठरू नये, असे माझे मत आहे. तिथे गेलेल्या माणसावर शासकीय गुपिते कायदा आणि अणुऊर्जेच्या कायद्यांतील गोपनीयतेच्या तरतुदी लागू होतात. काय छापायचे यासाठी परवानगी घ्यावी लागते, आणि देशाच्या अणुधोरणावर स्वतंत्रपणे लिहिणे जवळपास अशक्य होते. हा त्या संस्थेचा दोष नाही. अण्वस्त्रे असलेल्या कोणत्याही देशातील अशी संस्था हेच करील. आतून बाहेर येणाऱ्याकडे परदेशी विद्यापीठे आणि आपले सरकार दोघेही संशयाने पाहतात, बाहेरून आत जाणे त्यामानाने सोपे आहे. एक व्यावहारिक बाबही पाहा : केंद्राच्या प्रशिक्षण विद्यालयासाठी खुल्या गटाची वयोमर्यादा २६ वर्षांची राहिली आहे, आणि पीएच.डी. च्या तिसऱ्या वर्षात बहुतेकांनी ती ओलांडलेली असते. तुमच्यासाठी खरा रस्ता के. एस. कृष्णन संशोधन सहयोगी योजनेसारखा, पीएच.डी. नंतरचा. म्हणजे आज दार बंद होते आहे अशी घाई नाही, हे वडिलांना सांगता येईल. दरम्यान विद्यापीठात राहूनच ट्रॉम्बेची साधने वापरायची असतील, तर यूजीसी-डीएई संघाच्या मुंबई केंद्रामार्फत ध्रुववर न्यूट्रॉन झोताचा वेळ मागता येतो, आणि अणुविज्ञान संशोधन मंडळ, म्हणजे बीआरएनएस, विद्यापीठांना प्रकल्पनिधी देते. मार्गदर्शकांनी अजून यांपैकी काही केले नसेल तर त्यांना सुचवा.

काकांचे वाक्य सर्वांत जास्त बोचणारे, आणि माहितीच्या दृष्टीने सर्वांत कमकुवत. भारताने १९६८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार स्वीकारला नाही, तो भेदभाव करणारा आहे म्हणून. प्रसार झाला तर बरे, अशी भारताची भूमिका कधी नव्हती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर आपल्यालाच रोखण्यासाठी अणुपुरवठादार देशांचा गट उभा राहिला. त्याच गटाने २००८ मध्ये भारताला सूट दिली, आणि त्या व्यवहाराचा भाग म्हणून भारताने नागरी आणि लष्करी अणुकार्यक्रम वेगळे करणाऱ्या २००६ च्या विलगीकरण योजनेत १४ अणुभट्ट्या आयएईएच्या देखरेखीखाली देण्याचे ठरवले व ते पाळले. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांवर तर ही देखरेख त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. २००५ मध्ये संसदेने सर्वसंहारक शस्त्रे आणि त्यांचे तंत्रज्ञान इतरांच्या हाती जाऊ नये यासाठी कायदा केला. कर्नाटकात गौरीबिदनूरला १९६५ च्या सुमारास भाभा केंद्राने ब्रिटनच्या मदतीने उभारलेली भूकंपमापकांची रांग दूरदेशीचे भूमिगत अणुस्फोट ओळखण्यासाठी वापरली गेली. पडताळणीचे विज्ञान आपल्या घरचेच आहे.

काकांना २००६ च्या एका अहवालाबद्दलही सांगा. भारत-अमेरिका अणुकराराचा दक्षिण आशियातील विखंडनक्षम पदार्थांच्या साठ्यावर काय परिणाम होईल, याचा हिशेब झिया मियाँ, ए. एच. नय्यर, आर. राजारामन आणि एम. व्ही. रमणा यांनी मिळून मांडला. दोघे पाकिस्तानी, दोघे भारतीय, आणि सगळी सामग्री खुली. त्या अहवालाशी सहमत नसलेले लोक दोन्ही देशांत होते, पण वाद आकड्यांवर झाला. तुमच्या नावापुढे एखाद्या पाकिस्तानी सहलेखकाचे नाव येण्याची शक्यता या क्षेत्रात खरीच आहे. घरी त्याची आधी कल्पना द्या. आणि एक गोष्ट कायद्याची : २००५ चा तो कायदा परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही लागू आहे. अप्रकाशित तांत्रिक माहिती कुणाला द्यायची झाली, मग तो कितीही सज्जन सहकारी असो, तर आधी संस्थेच्या निर्यात-नियंत्रण कार्यालयाला विचारावे. एखाद्या देखरेख-पद्धतीतली पळवाट सापडली तर ती निबंधात छापण्यापूर्वी ती पद्धत चालवणाऱ्यांना कळवण्याची रीतही या क्षेत्रात आहे.

पैशाबद्दल लिहायला हवे. खासगी देणग्यांवर चालणारा या क्षेत्राचा भाग अलीकडे आक्रसला आहे. सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी एक असलेल्या मॅकआर्थर फाउंडेशनने २०२३ पर्यंत या विषयातून हात काढून घेतला. अमेरिका-रशिया यांच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्ट कराराची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती, आणि प्रत्यक्ष तपासण्या तर २०२० पासूनच थांबलेल्या होत्या. करार नसताना पडताळणीच्या संशोधनाला निधी मिळतो, कारण पुढच्या कराराची तयारी करावी लागते, असे आशावादी सांगतात. मी तितका आशावादी नाही. म्हणून डिटेक्टरचे कौशल्य असे ठेवा की वैद्यकीय भौतिकी, खनिजशोध, किरणोत्सर्ग-सुरक्षा यांतही त्याला किंमत राहील. भारतात परत यायचे असेल, तर जागा ‘प्रायोगिक अणुकेंद्रीय भौतिकशास्त्र’ या नावाने शोधा. बंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था किंवा जेएनयूतील निःशस्त्रीकरणाचे केंद्र इथे धोरणाच्या अंगाने काम होते, पण तिथल्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काय मिळते हे मी तुम्हाला सांगायला नको.

परत आलेल्या प्राध्यापकाला इथे करण्यासारखे काम मात्र भरपूर आहे, आणि ते बॉम्बपेक्षा बरेच जवळचे आहे. २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगारबाजारात एका विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने गॅमा किरणोत्सर्जक उपकरण फोडले गेले, त्यातील कोबाल्ट-६० बाहेर आला आणि एक माणूस दगावला. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानियात बंद पडलेल्या रुग्णालयातील सिझियम-१३७ मुळे चार माणसे मेली आणि १ लाख १२ हजारांवर लोकांची तपासणी करावी लागली. दोन्हीकडे कुणाचा घातपाताचा हेतू नव्हता. नोंदवही नीट नव्हती. किरणोत्सर्गी स्रोतांचा शोध, त्यांची नोंद, भंगाराच्या ट्रकमधून त्यांना ओळखणारे स्वस्त डिटेक्टर, हे विषय आण्विक सुरक्षेच्या केंद्रस्थानी आहेत, त्यांवर गुप्ततेचे सावट जवळपास नाही, आणि भारतीय विद्यापीठाला ते परवडतात. दुसरा तसाच विषय थोरियमचा : थोरियमपासून बनणाऱ्या युरेनियम-२३३ सोबत युरेनियम-२३२ येतो, त्याच्या साखळीतील थॅलियम-२०८ चे २.६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण नेहमीच्या मोजणीत अडथळा आणतात आणि ओळखीची खूणही बनतात. युरेनियम-२३३ साठीही किमान प्रमाण ८ किलोच आहे. थोरियमचा एवढा विचार केलेला देश दुसरा क्वचितच असेल, आणि त्याच्या हिशेबाच्या पद्धतींवर खुले लेखन अजून थोडे आहे.

येत्या दीड वर्षात काय करायचे, ते आता सांगतो. प्रबंधातले एक प्रकरण असे बेता की तुमच्या डिटेक्टरची कार्यक्षमता, गॅमा वेगळे काढण्याची क्षमता आणि एकत्र येणाऱ्या न्यूट्रॉनांची मोजणी, हेलियम-३ च्या नळ्यांशी थेट ताडून पाहता येईल. कॅलिफोर्नियम-२५२ चा, म्हणजे आपोआप विखंडन पावून न्यूट्रॉन सोडणाऱ्या पदार्थाचा, स्रोत मार्गदर्शकांच्या प्रयोगशाळेत नसेल तर तो जिथे आहे तिथे चार दिवस जाऊन करा. त्याचा निबंध उपकरणशास्त्राच्या नियतकालिकाला पाठवा आणि त्याचेच संक्षिप्त रूप आयएनएमएम (अमेरिकेतील) किंवा एसार्डा (युरोपातील) या सेफगार्ड्सच्या क्षेत्रातील संस्थांच्या परिषदेला. या दोन परिषदांत आयएईएचे निरीक्षक, प्रयोगशाळांतले लोक आणि प्राध्यापक एकाच मजल्यावर भेटतात. पोस्टडॉकसाठी लिहिताना जागतिक शांततेवर परिच्छेद लिहू नका. एका पानात आकडे, एक आलेख आणि त्या गटाच्या कोणत्या निबंधाला तुमचे मोजमाप कुठे लागू पडते, एवढेच लिहा. एटास आणि व्हिसाच्या छाननीसाठी काही महिने हाताशी ठेवा, आणि प्रबंधाचे शीर्षक नेमके व साधे असू द्या, कारण छाननी करणारा अधिकारी आधी तेच वाचतो. शिफारसपत्र मार्गदर्शकांकडूनच घ्या. त्यांना या क्षेत्राबद्दल काय वाटते ते त्यात येण्याची गरज नाही. तुम्ही डिटेक्टरची चुकीची मोजणी कशी शोधून काढली आणि पुन्हा कशी केली, हे त्यांनी आठवून लिहिले तर पुरे.